ठिपक्यांची वही

डिझाईन दुरून शिकता येतं का?

गेले काही महिने हा प्रश्न आमच्या नातेवाईक मंडळींत फिरतोय. कारण असं की माझ्या मावसभावाचा मुलगा (मुक्काम कराड) यंदा बारावी झाला आणि त्याने जाहीर केलं की इंजिनिअरिंग नको, मला वस्तू डिझाईन करायच्यात. यूसीडला नंबर लागला नाही. खासगी कॉलेजच्या फीचा आकडा ऐकून मावसभाऊ दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मग कोणीतरी घरबसल्या करायच्या एका डिझाईन कोर्सची जाहिरात पाठवली आणि घरात सरळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, "आता सगळं ऑनलाइनच असतं." दुसऱ्याचं म्हणणं, "पडद्यावर बघून कोणी पोहायला शिकलंय का?" माझी पंचवीस वर्षं फर्निचरच्या ड्रॉइंगांत गेली, म्हणून दोन्ही बाजूंनी माझं मत मागितलं. मत थोडं लांब आहे. फोनवर सांगायला गेले तर मध्येच कुकरच्या शिट्ट्या होतात. म्हणून इथे लिहिते.

आधी दुसऱ्या तटाचं ऐकू, कारण त्यांचं बरंचसं बरोबर आहे.

डिझाईनचं शिक्षण हे व्याख्यानांचं शिक्षण नाहीच. अहमदाबादची एनआयडी १९६१ साली सुरू झाली, मुंबईत आयआयटीमधलं आयडीसी १९६९ साली. दोन्हीकडे, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या जे. जे. मध्ये, शिकवण्याचा गाभा एकच राहिला आहे, तो म्हणजे स्टुडिओ. एक मोठी खोली, टेबलं, आणि टेबलांवर अर्धवट कामं. सर येतात, टेबलापाशी उभे राहतात, काहीतरी पुटपुटतात, पेन्सिलीने एक रेघ मारतात आणि पुढे जातात. खरं शिक्षण त्या रेघेत असतंच, पण त्याहून जास्त शेजारच्या टेबलावर असतं. शेजारणीचं मॉडेल कुठे मोडलं, तिने ते परत कसं जोडलं, सर तिच्यावर का वैतागले, हे सगळं फुकटात आणि नकळत शिकायला मिळतं. चाळीस जणांच्या वर्गात तुम्ही एक खुर्ची करता आणि चाळीस खुर्च्या शिकता.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा नेमकं हेच हरवलं. माझी भाची तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. (कॉलेजचं नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच चाललं होतं.) सत्राचं काम होतं बसण्याची वस्तू. तिने घरातल्या पुठ्ठ्याचं आणि थर्माकोलचं वीतभर मॉडेल केलं, त्याचे छान फोटो काढले आणि पडद्यावर दाखवले. सर भले होते, मनापासून बोलत होते. पण त्या वस्तूवर कोणी बसलंच नाही! ती डुगडुगते का, मांडीला टोचते का, उचलताना बोट चिमटतं का, हे कोणाला कळणार? आणि दुसरी गोष्ट माझ्या मते त्याहून वाईट. वर्गातल्या प्रत्येकाने फक्त शेवटची, सजवलेली पानं दाखवली. मोडलेलं कोणाचं काही दिसलंच नाही. चाळीस जण होते, पण प्रत्येक जण एकटाच शिकत होता.

म्हणजे दुसरा तट जिंकला का? थांबा.

आपल्याकडे डिझाईन दुरून शिकण्याची एक जुनी आणि उत्तम चाललेली पद्धत होती. त्या पद्धतीचा एक नमुना माझ्या कपाटात आहे: आईची रांगोळ्यांची वही. चौकटीच्या कागदावर ठिपके, बाजूला आकडे, "११ ते १", "१५ ते ८ मधले ठिपके". काही पानांवर आईचं अक्षर, काहींवर मामीचं, एका पानावर शेजारच्या काकूंचं. या बायका एकमेकींच्या गावाला वर्षानुवर्षं गेल्या नसतील, पण नक्षी जात होती. माहेरची सासरी, सासरची नणंदेच्या गावी, तिथून कोणाच्या तरी शेजारणीकडे. ठिपक्यांची मोजणी एकदा लिहिली की नक्षी कुठेही जशीच्या तशी उभी राहते. आणि जशीच्या तशी राहतही नाही, कारण प्रत्येकीचं अंगण वेगळं असतं. कुठे अंगण लहान म्हणून १५ चे ११ झाले, कुठे कमळाच्या जागी मोर आला. आईच्या वहीत एका पानावर तिरक्या अक्षरात लिहिलंय, "मधला ठिपका चुकतो, आधी मोजून घेणे." हे वाक्य मला त्या वहीतलं सर्वात मोलाचं वाटतं.

लक्षात घ्या, हात ज्याच्या त्याच्या अंगणात चालत होते. रांगोळी सोडण्याची चिमूट शेजारी बसलेल्या कोणाकडून तरी शिकलेली होती. वहीतून फिरत होती ती रचना, आणि ती करताना कुठे चुकतं ते. हात जवळचे, वही दूरची. दुरून डिझाईन शिकवायचं असेल तर मला हे एवढंच सूत्र दिसतं. बाकी तपशील.

आता हे आजच्या काळात जमतं का? जमतं. आणि त्याचं उदाहरण बघायला फार लांब जायला नको, पाबळला जायचं. पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं, पाऊस रुसलेलं गाव. बहुतेकांना ते मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असतं. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत करत शिकणं हीच शिकण्याची नैसर्गिक रीत, ही त्यांची धारणा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे एक फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणारी छोटी यंत्रं असलेलं वर्कशॉप: लेझरने कापणारं, लाकूड कोरणारं, थ्रीडी प्रिंटर, इलेक्ट्रॉनिक सर्किट बनवायची सोय. आज अशा लॅब शंभराहून जास्त देशांत आहेत.

या लॅबना जोडून २००९ पासून 'फॅब अकादमी' नावाचा एक अभ्यासक्रम चालतो. एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांचा 'जवळजवळ काहीही कसं बनवावं' अशा मजेदार नावाचा वर्ग होता, त्यातून तो निघाला. जानेवारीत सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. दर बुधवारी बॉस्टनच्या सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, जगभरचे विद्यार्थी एकाच वेळी व्याख्यान ऐकतात. इथपर्यंत कोणत्याही ऑनलाइन कोर्ससारखंच. फरक पुढे आहे. हा कोर्स घरी बसून करता येत नाही. प्रत्येकाला आपल्या जवळच्या लॅबमध्ये जावंच लागतं, तिथे एक शिक्षक हाडामांसाचा असतो, आणि त्या आठवड्याचं काम त्याच्या नजरेसमोर, त्या यंत्रांवर करावं लागतं. एका आठवड्यात सर्किट, एका आठवड्यात साचा आणि ओतकाम, एका आठवड्यात "काहीतरी मोठं बनवा". पाबळच्या लॅबमधूनही मुलं हा कोर्स करत आली आहेत.

आणि दुसरी अट म्हणजे वही. प्रत्येक विद्यार्थी दर आठवड्याला आपल्या पानावर लिहितो: काय करायचं होतं, काय केलं, काय फसलं, ते कसं सुधारलं, आणि मूळ फाईल सोबत. हे पान सगळ्यांना उघडं असतं. बुधवारी कोणाचंही नाव अचानक निघतं आणि त्याला जगासमोर आपलं पान दाखवावं लागतं. (शाळेत फळ्यापाशी बोलावलं की पोटात गोळा यायचा, तसाच प्रकार!) वर्षानुवर्षांची ही पानं जपलेली आहेत. म्हणजे शेजारचं टेबल परत मिळालं, फक्त ते आता पेरूमध्ये किंवा आइसलँडमध्ये आहे.

'फसलेलं लिहा' यावर मी इतका भर का देते, ते एका छोट्या गोष्टीवरून सांगते. लेझरने पुठ्ठा कापून खाचेत खाच बसवायची, हा तिथला सुरुवातीचा धडा. पुठ्ठा तीन मिलिमीटर जाड, म्हणून तुम्ही संगणकावर तीन मिलिमीटरची खाच काढता. कापून बघता तर तुकडे ढिले! कारण करवत जशी लाकूड खाते, तसा लेझरचा किरणही साहित्य खातो, मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश. खाच तेवढी रुंद होते. मग वाटतं, सोपं आहे, बार्सिलोनाच्या मुलीने तिच्या पानावर आकडा दिलाय तोच वापरू. तरीही बसत नाही, कारण तिचं यंत्र वेगळं, भिंग वेगळं, पुठ्ठा वेगळा. आपल्याकडे तर बारा मिलिमीटर म्हणून विकत आणलेला प्लायवूड मोजला की बारा भरेलच असं नाही, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तो फुगतो ते निराळंच. म्हणजे बार्सिलोनाचा आकडा आपल्या कामाचा नाही. कामाची आहे ती तिची युक्ती: आधी वाया जाणाऱ्या तुकड्यावर वेगवेगळ्या रुंदीच्या दहा खाचा फणीसारख्या कापायच्या, कोणती घट्ट बसते ते बघायचं, आणि मग मोठं काम घ्यायचं. "मधला ठिपका चुकतो, आधी मोजून घेणे." तीच गोष्ट.

आकडा प्रवास करत नाही, युक्ती करते. आणि युक्ती कळते ती चूक लिहिलेली असली तरच. नुसती सुबक वस्तू बघून कौतुक करता येतं, शिकता येत नाही.

चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला होता, ज्याच्यातून पुढे एनआयडी उभी राहिली. त्यात आपल्या साध्या लोट्याचं फार सुंदर कौतुक आहे. मुद्दा असा की लोटा कोणा एकाने डिझाईन केलेला नाही, अनेक पिढ्यांच्या अनेक माणसांनी तो घडवत आणला. सगळ्यांनी मिळून डिझाईन करणं ही आपल्याला नवीन गोष्ट नाहीच. फक्त त्या पिढ्यांनी आपल्या चुका लिहून ठेवल्या नाहीत, म्हणून वेळ फार लागला :-)

या पद्धतीचं बळ २०२० मध्येच दुसऱ्या बाजूने दिसलं. एकीकडे भाचीचा वर्ग पडद्यावर सुकत होता, तेव्हाच मुंबईच्या मेकर्स असायलम या वर्कशॉपने डॉक्टर-नर्सेससाठी चेहऱ्याच्या शिल्डचं डिझाईन खुलं केलं. हे डिझाईन घेऊन जागोजागच्या मंडळींनी आपापल्या वर्कशॉपमध्ये शिल्ड बनवली. ४९ दिवसांत ४२ गावं-शहरं मिळून दहा लाख! कोणी कोणाला भेटलं नव्हतं. हात जवळचे, वही दूरची.

आता माझ्या आवडत्या उदाहरणातले दोषही सांगते, नाहीतर ही जाहिरात व्हायची.

पहिला दोष पैशाचा. फॅब अकादमीची फी कित्येक वर्षं पाच हजार डॉलर आहे. कुठे मदत मिळते, कुठे लॅब भार उचलते, पण कराडच्या घरात हा आकडा सहज उच्चारण्यासारखा नाही. दुसरा दोष भाषेचा. वही इंग्रजीत. पाबळच्या मुलाने काय केलं ते बॉस्टनला कळतं, पण शेजारच्या केंदूरच्या वेल्डरला कळत नाही. ज्याच्या शेतासाठी अवजार केलं, त्याला त्या अवजाराची वही वाचता येत नसेल तर सहभागाचं शिक्षण कोणाच्या सहभागाचं?

याचं उत्तरही पाबळलाच आहे, आणि फॅब लॅबच्या आधीपासून आहे. कलबागांनी शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा एक कार्यक्रम तयार केला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात: सुतारकाम, वेल्डिंग, वीज, शेती, अन्नप्रक्रिया. शिकवायला गावातलाच कसबी माणूस येतो, आणि मुलं गावातल्या लोकांची खरीखुरी कामं करून देतात. हा कार्यक्रम कितीतरी शाळांत पसरला. म्हणजे अभ्यासक्रम एका ठिकाणी तयार झाला, पण हात आणि गुरू प्रत्येक गावाचे आपापले. बॉस्टनची संध्याकाळ असो की नसो, हे आधी हवं. पहिल्या तटातली मंडळी विसरतात ते हेच. व्याख्यान हा स्वस्त भाग आहे. महाग आणि दुर्मिळ आहे तो शेजारी उभा राहून "असं नाही, असं धर" म्हणणारा माणूस. आणि तो आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे! आपण त्याला शिक्षक म्हणत नाही, एवढंच.

नुसतं साहित्य उपलब्ध करून देणं चांगलंच. आयआयटी मुंबईच्या आयडीसीने एनआयडी आणि आयआयटी गुवाहाटीबरोबर 'डी-सोर्स' नावाचा खजिना इंटरनेटवर उभा केला आहे. डिझाईनचे धडे, देशभरच्या कारागिरांच्या कामाच्या सविस्तर नोंदी, सगळं मोफत. जरूर बघा, तास कसे जातात कळत नाही. पण ते ग्रंथालय आहे. ग्रंथालयात बसून रंधा मारता येत नाही.

उलट नुसती यंत्रं देऊनही भागत नाही. सरकारच्या योजनेतून देशभरच्या दहा हजार शाळांत अटल टिंकरिंग लॅब झाल्या, त्यातल्या एका शाळेत मी गेले होते. थ्रीडी प्रिंटर होता. प्लास्टिकच्या आवरणाखाली, खंडेनवमीला लावलेल्या हळदीकुंकवासह. खोलीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. दोष एकट्या त्यांना तरी कसा द्यायचा? बिघडलं तर विचारणार कोणाला, हेच त्यांना माहीत नव्हतं. त्या यंत्राला ना हात मिळाले होते, ना वही. माझं तर म्हणणं आहे की अशा खोल्या रविवारी गावासाठी उघडाव्यात. शाळेची मुलं, गावातला सुतार, मोटार दुरुस्त करणारा, शिवणकाम करणारी ताई, सगळी एकत्र. आणि एका शाळेने काय केलं हे दुसऱ्या शाळेला वाचायला मिळावं. यंत्र बिघडलं तर बिघडेल. कुलपात राहून तरी कुठे चांगलं राहतंय?

तर कराडच्या मंडळींसाठी उत्तर असं. त्या जाहिरातीतल्या कोर्सला पैसे भरायच्या आधी त्यांना फोन करून विचारा: मुलगा वस्तू कुठे बनवणार, आणि ती हातात घेऊन बघणार कोण? बाकीच्या मुलांचं अर्धवट काम, मोडलेलं काम त्याला दिसणार का? "व्हिडिओ आयुष्यभर बघता येतील" हे उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. कोर्स घेतला किंवा नाही घेतला, तरी या वर्षी पोराला आठवड्यातले तीन दिवस एखाद्या फर्निचरवाल्याकडे किंवा फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पाठवा. कोल्हापूरच्या फाउंड्र्या तासा-दीड तासावर आहेत, इचलकरंजीचे माग फार लांब नाहीत. देश-परदेशची मुलं ज्यासाठी फी भरतात ते त्याच्या अंगणात आहे. दोन-तीन समवयस्क गाठायला सांगा, वेगवेगळ्या गावांतले असले तर उत्तमच. सगळ्यांनी एकच वस्तू आपापल्या गावात बनवावी आणि दर आठवड्याला एकमेकांना लिहून कळवावं, फसलेल्याच्या फोटोसकट. पुढच्या वर्षी यूसीड परत देता येईल. तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.

त्याने मला विचारलं, "आत्या, पण याचं सर्टिफिकेट मिळणार नाही ना?" नाही बाबा, मिळणार नाही. आणि मावसभावाची काळजी खरी आहे, जगाला कागद लागतो. कागदासाठी कॉलेज बघूच. पण जिथे मुलाखतीला कामाचा संग्रह बघतात, तिथे वर्षभराची वही टेबलावर ठेवली तर समोरचा माणूस ती उघडून बघितल्याशिवाय राहत नाही. निवड करणाऱ्यांच्या बाजूला मीही काही वेळा बसले आहे. सुबक चित्रांच्या फायलींमध्ये एखादी मळकी वही आली की खोलीतली झोप उडते.

आणि आता लिहित्या मंडळींकडे वळते. आपण पाककृती लिहितो, प्रवास लिहितो, आठवणी लिहितो. मराठीत "हे असं बनवलं आणि इथे फसलं" असं किती लिहिलं जातं? तुमच्यापैकी कोणी सायकलला कॅरिअर बसवत असेल, कोणी गच्चीवर ठिबक सिंचन करत असेल, कोणी आजीसाठी संडासात धरायचा दांडा स्वतः लावला असेल. मापं लिहा, साहित्य कुठे मिळालं ते लिहा, पहिल्यांदा का निखळलं ते लिहा. तुमच्या दांड्याची उंची माझ्या आजेसासूबाईंना चालणार नाही, पण भिंतीत कोणता खिळा धरला नाही हे कळलं तर माझा एक दिवस वाचेल, कदाचित एखादं हाडही. कराडचा एक मुलगा ते वाचेल. तो बहुधा केंदूरच्या वेल्डरलाही वाचून दाखवता येईल, कारण ते मराठीत असेल.

आईच्या वहीत शेवटची बारा पानं कोरी आहेत. ती मी कराडला पाठवणार नाही (वही माझी आहे!), पण त्याला नवी चौकटीची वही घेऊन दिली आहे. पहिल्या पानावर काय लिहायचं ते त्याचं त्याने ठरवावं.